बरणीला कान लावणाऱ्या बाई

बाई फोडणी ऐकत. कढईपासून हातभर अंतरावर, मान जराशी डावीकडे झुकवून, शेवटच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते शोधत असल्यासारख्या उभ्या राहत आणि मोहरीचा आवाज थांबला की लगेच कांदा टाकत. त्या वेळी स्वयंपाकघरात शिरून कुणी "बाई, पाणी" म्हणालं तर त्याला पाणी मिळे, पण त्या दिवशी भाजी सगळ्यांच्या शेवटी मिळे. नव्या माणसाला वाटे, बाई तापट आहेत. जुन्यांना वाटे, बत्तीस वर्षं भूगोल शिकवला की माणूस असा होतो. खरं कारण फक्त तिघांना माहीत होतं: बाईंना, पेणच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आणि मला.

बाईंना वास येत नसे. साथीच्या वर्षात त्यांना ताप आला, आठवड्याने उतरला आणि जाताना नाक रिकामं करून गेला. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते. दोन वर्षं झाली तरी आला नव्हता. खारट, आंबट, गोड, कडू आणि तिखटाची आग एवढं जिभेला कळे. त्यापलीकडे वरण आणि आमटी त्यांना सारखीच. आणि अशा अवस्थेत त्या रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, कुंडलिका नदीच्या पुलापासून पाच मिनिटांवर, धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्या चौदा माणसांची मेस चालवत होत्या.

मला हे कळलं ते करपलेल्या दुधामुळे. मी पेणचा, धाटावच्या एका कंपनीत खरेदी विभागात नोकरी लागली तेव्हा बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. एका रविवारी दुपारी जिन्यात जळका वास आला म्हणून धावत खाली उतरलो, तर पातेलं काळं झालेलं आणि बाई तिथेच, गॅसकडे पाठ करून, शब्दकोड्यातला आडवा सात शोधत बसलेल्या. मी गॅस बंद केला. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुणाला बोललास तर खोली सोडावी लागेल," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "बस. चहा टाकते. आलं पुरे झालं की सांग."

त्यांना भीती होती ती मुलाची. मुलगा पुण्यात मोठ्या पदावर होता. तो दर रविवारी फोन करून मेस बंद कर, इकडे ये, असं सांगे. त्याने आईसाठी एक खोली रंगवून घेतली होती, पलंगही आणून ठेवला होता. बाईंना पलंगाचं काही वाटत नव्हतं, पुण्याचं वाटत होतं. "तिथे मी कुणाला काय शिकवू? तिथे सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक असतं." नाकाचं त्याला कळलं की मेस बंद, घराला कुलूप आणि आपली रवानगी त्या पलंगावर, हे त्यांनी पक्कं ओळखलं होतं. मुलाचं चुकलं असतं असंही नाही. सत्तरी ओलांडलेली आई नाकाशिवाय गॅसपाशी उभी असते हे कळल्यावर कुणीही तेच केलं असतं.

तेव्हा त्यांनी नाकाचं काम इतरांना वाटून दिलं होतं. फोडणी कानाकडे. भात घड्याळाकडे. मीठ एकाच चमच्याने, आणि तो चमचा दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. मासळीचे कल्ले पाहायचे आणि बोटाने दाबून बघायचं. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी. आणि स्वतः जेवायचं ते सगळ्यांचं उरकल्यावर, स्वयंपाकघराचं दार लोटून. खाताना आपल्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही हे त्यांनी एकदा आरशात पाहिलं होतं. कुणी विचारलं तर म्हणत, "यजमानीण शेवटी जेवते." एरवी बाई कुठलीच रीत पाळत नसत. उपास करत नसत, हळदीकुंकवाला गेल्या तर वाण परत देऊन येत. ही एकच रीत त्यांनी इतक्या निष्ठेने धरली होती, तरी कुणाला संशय आला नाही. रीत म्हटली की आपल्याकडे चौकशी थांबते.

मेसमधल्या माणसांची नावं त्या घेत नसत. नावं विसरतात, खातं विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी होतो 'परचेस'. शिवाय 'लॅब' होता, 'स्टोअर' होता, आणि सगळ्यांत जुना 'बॉयलर', रोह्याच्या आतल्या एका गावचा, भातशेती सांभाळून कंपनीचा बॉयलर चालवणारा. बाईंशी तोंड वर करून बोलण्याची मुभा फक्त त्याला होती. ती त्याने मागितली नव्हती, घेतली होती.

बाईंचा देवावर, सरकारवर आणि वर्तमानपत्रातल्या पाककृतींवर विश्वास नव्हता. अक्षांशांवर होता. कुठलाही पदार्थ पुढे आला की पहिला प्रश्न, "तिथे पाऊस किती?" पाऊस समजला की पीक समजतं, पीक समजलं की ताट समजतं, आणि ताट समजल्यावर माणसात समजण्यासारखं फार काही उरत नाही, असं त्या म्हणत. स्वयंपाकघरात मसाल्यांच्या डब्यांशेजारी एक जुना नकाशासंग्रह होता. त्यावर हळदीचे डाग होते, मुख्यतः दक्षिण अमेरिकेवर.

अशा घरात कोरिया आला तो माझ्यामुळे.

आमच्या कंपनीत नवीन यंत्रसामग्री बसवायची होती आणि ती सुरू करून द्यायला एक कोरियन इंजिनीअर सहा महिन्यांसाठी आला. त्याच्या स्वागताला फाटकापासून रांगोळी, फेटा, शाल, श्रीफळ आणि तीन भाषणं झाली. पेणचा माणूस देवाला रंग लागण्याआधी पाहतो. आमच्या गल्लीत गणपती वर्षभर पांढरे, बिनडोळ्यांचे, फळ्यांवर ओळीने बसलेले असतात. त्यामुळे थाटामाटाचा माझ्यावर जरा कमीच परिणाम होतो. पण त्या दिवशी मलाही वाईट वाटलं, कारण एवढं सगळं झाल्यावर जीएमसाहेबांनी पाहुण्यांचं नाव चुकीचं घेतलं आणि पाहुण्यांनी वाकून ते स्वीकारलं. तेव्हापासून धाटावात ते किमसाहेब. खरं नाव तीन शब्दांचं होतं आणि त्यात किम कुठेच नव्हता.

रोह्याच्या कॉलेजातल्या मुलींनी टीव्हीवरच्या मालिकांमधून कोरिया पाठ केलेला होता. पहिल्या आठवड्यात त्या गेस्टहाउसच्या फाटकापाशी घुटमळल्या. आतून पन्नाशीचा, चष्मा लावलेला, पोट किंचित पुढे आलेला गृहस्थ बाहेर आला तेव्हा त्या आल्या तशा परत गेल्या.

ते पोटही पंधरा दिवसांत उतरलं. गेस्टहाउसचा आचारी त्याला परदेशी पाहुण्याचं म्हणून पनीर घालत होता, सकाळ-संध्याकाळ, लाल रश्शात. साहेब रोज नम्रपणे दोन घास खाऊन उठे. पट्ट्याला नवीन भोक पडल्याचं कुणीतरी वर कळवलं आणि माझ्या टेबलावर मागणीपत्र आलं: 'कोरियन फूड. तातडीचे.' प्रमाणाच्या रकान्यात 'एक' असं लिहिलं होतं. पनवेलपर्यंत चौकशी करून झाल्यावर मी त्याला बाईंकडे जेवायला घेऊन गेलो.

पहिल्या मिनिटात बाईंनी त्याचं वय विचारलं. मी भाषांतर करायला कचरलो. परदेशी माणसाला वय विचारू नये एवढं मी वाचलं होतं. पण त्याला 'एज' हा शब्द कळला, त्याने सांगितलं, आणि तोंडभर हसून त्यानेही बाईंचं वय विचारलं. त्याच्याकडे भेटल्याभेटल्या वय विचारतात, कारण त्याशिवाय कोणी कुणाशी कसं बोलायचं ते ठरत नाही. बाई एकाहत्तर, तो बावन्न. हे कळल्यावर त्याने पुन्हा एकदा, आधीपेक्षा खाली, वाकून नमस्कार केला. बाईंनी त्याला "अरे" म्हणायला सुरुवात केली. गावात कोणाला जमलं नव्हतं ते दोघांनी एका मिनिटात उरकलं.

त्या दिवशी भात, कडव्या वालांचं बिरडं, सुकट, मुळ्याची कोशिंबीर आणि पोह्याचा पापड होता. सुकटीचा वास आला तसा तो खुर्चीत सरळ बसला. तीनदा भात घेतला. मग रुमालाने कपाळ पुसत त्याने मोडक्या इंग्रजीत आणि हातवारे करून सांगितलं की त्यांच्याकडेही असंच असतं: प्रत्येकाला भात आणि पातळ गरम सूप, आणि सगळ्यांच्या मध्ये छोट्या छोट्या वाट्या, पाच, सात, जेवढ्या घरात असतील तेवढ्या. मुळा, पालेभाजी, मोड आलेलं कडधान्य, सुकी मासळी. त्यांना बानचान म्हणतात. ज्याला जे हवं ते त्याने मधून उचलायचं.

"म्हणजे आपलं ताट," बाई म्हणाल्या. "फक्त आपण सगळं स्वतःपुढे ओढून घेतो."

शेवटी त्याने कागदावर एक बरणी काढून दाखवली आणि छातीवर हात ठेवला. किमची. ती नसेल तर जेवण झालंच नाही.

बाईंनी नकाशासंग्रह काढला. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी सगळ्यांना ऐकवलं. "अडतीस अक्षांश. हिवाळ्यात जमीन गोठते. तीन-चार महिने हिरवं पान नाही. मग माणूस काय करील? थंडी पडायच्या आत शेजारपाजार जमून कोबी मिठात घालील. पावसाळ्यासाठी मे महिन्यात तुमच्या आया काय करतात? वाळवतात. आपल्याकडे ऊन आहे म्हणून वाळवणं, त्यांच्याकडे थंडी आहे म्हणून मुरवणं. समजलं? आता जेवा."

मग आठवड्यातून एक दिवस कोरियाचा ठरला. साहेब रविवारी येऊन शिकवी, बाई बुधवारी करून घालत. पहिल्यांदा झाला बिबिमबाप: वाडग्यात भात, त्यावर रंगाप्रमाणे वेगवेगळ्या मांडलेल्या भाज्या, मधोमध अंडं, आणि बाजूला मिरची आणि सोयाबीन मुरवून केलेली लाल चटणी. तिला गोचुजांग म्हणतात. साहेबाने घरून मागवली होती. बाईंनी सगळं कंपास लावल्यासारखं मांडलं आणि सांगितलं की आता हे सगळं एकत्र कालवायचं.

बॉयलरने वाडग्याकडे बराच वेळ पाहिलं. "बाई, कालवायचंच व्हतं तर येवढं मांडलं कशाला?"

"लग्नात तुला फेटा बांधला होता ना?"

"व्हय."

"मग."

त्तोकबोक्की या त्यांच्या तिखट पदार्थाला तांदळाच्या पिठाच्या चिवट सुरळ्या लागतात. बाईंनी मोदकाची उकड काढून बोटाएवढ्या सुरळ्या वळल्या आणि लाल रश्शात सोडल्या. चौदांपैकी नऊ जणांनी पुन्हा मागितल्या. वाढदिवसाला त्यांच्याकडे समुद्रातल्या शेवाळ्याचं सूप करतात आणि बाळंतिणीलाही तेच देतात, म्हणून पुढे दरवर्षी त्या दिवशी आपल्या आईची आठवण ठेवायची, हे साहेबाने सांगितलं तेव्हा जेवण झाल्यावर दोघा-तिघांनी घरी फोन लावला. सोयाबीन शिजवून, कुटून, विटा थापून, बुरशी येईपर्यंत महिनोन्‌महिने टांगून ठेवतात आणि मग मिठाच्या पाण्यात मुरवून द्वेनजांग नावाची घट्ट चटणी करतात, हे ऐकून मात्र बॉयलर म्हणाला की एवढा धीर असता तर मी बॉयलरवर राहिलो नसतो.

किमचीच्या बाबतीत बाई चुकल्या. अशी चूक फक्त आपल्याकडच्याच माणसाच्या हातून व्हावी. कोबी मिठात घातला, पान दुमडलं तरी मोडत नाही इथपर्यंत थांबल्या, धुतला. मिरची, लसूण, आलं, मुळा, त्यात खाडीकडच्या कोळणीकडून आणलेला बारीक कोळंबीचा जवळा, आणि सगळं चिकटून राहावं म्हणून तांदळाची पेज. इथपर्यंत साहेबाच्या शब्दाबाहेर गेल्या नाहीत. मग बरणी भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि आयुष्यभराच्या सवयीने गच्चीवर उन्हात नेऊन ठेवली. लोणचं म्हटलं की ऊन.

चौथ्या दिवशी गल्लीने आमच्या कंपनीत फोन केला. आमच्याकडे कसलाही वास आला की तो धाटावहून आला असं धरून चालतात; वास नसला तरी कधीकधी धरतात. सेफ्टीचा माणूस मोटारसायकलवरून आला, गल्लीत हुंगत हुंगत फिरला आणि बाईंच्या जिन्यापाशी थांबला. वर गच्चीत बाई त्याच बरणीला टेकून पेपर वाचत बसल्या होत्या.

मी श्वास रोखून उभा होतो, दोन्ही अर्थांनी. बाईंनी माझा चेहरा पाहिला आणि क्षणात ओळखलं. "हो, माझीच बरणी," त्या सेफ्टीवाल्याला म्हणाल्या. "असाच वास यायला हवा. कोरियात जाऊन बघ." तो खजील होऊन गेला. मग बाई खाली आल्या आणि फ्रिजमधल्या डब्यांवरच्या तारखा पुन्हा एकेक करून तपासत बसल्या. मुलगा त्या दिवशी घरी असता तर सगळं तिथेच संपलं असतं, हे त्यांना कळलं होतं आणि मलाही.

रविवारी साहेबाने बरणी पाहून डोळे मिटले. ऊन नाही. जमीन. त्याच्या गावी मातीचे मोठे घडे अंगणात गळ्यापर्यंत पुरत. बाईंनी मागीलदारी, न्हाणीच्या सांडपाण्यापासून लांब, पिण्याचा माठ ठेवतात तशी ओली वाळू रचून नवी बरणी तीत बसवली. साहेबाने झाकण सैल ठेवायला सांगितलं आणि पुढच्या रविवारी बाईंचा हात धरून त्यांना बरणीशी वाकवलं. आत काहीतरी बारीक सळसळत होतं. मुरू लागलं की बुडबुडे येतात. पहिल्या दिवशी गप्प, मग बोलायला लागते, खूप बोलते, आणि पुन्हा आवाज उतरू लागला की काढायची. त्याहून उशीर झाला, फार आंबली, तर भातात परतून खायची.

बाई उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी प्रथमच असा पाहिला. दोन वर्षं त्या प्रत्येक पदार्थापाशी कान, बोटं, घड्याळ घेऊन चोरासारख्या उभ्या होत्या. इथे एक पदार्थ असा होता की जो मुळातच पान दुमडून आणि कान लावून करायचा. आणि खाल्ल्यावर? खारट, आंबट, तिखट, दाताखाली करकर. त्यांच्या जिभेला जे जे उरलं होतं, नेमकं तेच.

त्यानंतर त्या बरणीपाशी दिवसातून सहा-सात वेळा जात. शेजारीण विचारी, काय ऐकता? बाई म्हणत, मुलांचा वर्ग.

साहेब परत जायच्या आधीच्या रविवारी जेवण ठरलं. बाईंना ते साधं हवं होतं. जीएमसाहेबांना कळलं आणि ते 'स्नेहभोजन' झालं. सकाळी दोन माणसं येऊन बाईंच्या ओटीवर बॅनर लावून गेली. त्यावर दोन झेंडे, हात मिळवलेले दोन हात आणि जीएमसाहेबांचा फोटो होता. कंपनीच्या अंकासाठी छायाचित्रकार आला. आणि कुणाच्याही ध्यानीमनी नसताना, दहा वाजता, पुण्याहून मुलगा आला. आई परदेशी माणसाला जेवू घालते हे त्याला शेजारणीकडून कळलं होतं. त्याने गाडीची मागची सीट रिकामी ठेवली होती. मला म्हणाला, एवढा मोठा कार्यक्रम झाला की आईला चांगल्या वेळी थांबता येईल. आज तिला घेऊनच जातो.

बाईंनी पहाटेपासून सगळं घड्याळावर केलं होतं. मध्यभागी नऊ वाट्या, प्रत्येकापुढे भात आणि मुळ्याचं गरम सूप, आणि मधोमध किमची, त्याच सकाळी बरणीतून काढलेली. ओटीवर पाट टाकले, पानं मांडली, सगळे बसले. जीएमसाहेब चार मिनिटं बोलले. मग म्हणाले, "सर, प्लीज."

साहेबाने हात मांडीवर ठेवले होते. ते हलले नाहीत.

जीएमसाहेब पुन्हा म्हणाले. साहेबाने मान लववली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. मी त्यांच्याजवळ जाऊन समजावलं: त्यांच्यात सगळ्यांत मोठं माणूस चमचा उचलतं, मग बाकीचे. इथे बाई मोठ्या. एरवी तो मेसचा जेवणारा होता, पण आज निरोपाच्या पंगतीत त्यांनी सुरुवात केल्याशिवाय तो जेवणार नाही.

"त्याला सांग, आमच्यात यजमानीण शेवटी जेवते," बाई म्हणाल्या.

मी सांगितलं. साहेब अतिशय आदराने म्हणाला की तो थांबेल.

तो थांबला. सूप निवायला लागलं. चौदा माणसं शिफ्टची भूक घेऊन बसली होती. बॉयलर म्हणाला, "बाई, बसा की. दोघंबी हट्टी, मधल्यामधी आमी मरतोय." हशा झाला. मुलगा उठला, त्याने स्वतः आईसाठी पाट घेतला आणि म्हणाला, "ये आई. किती वर्षं झाली तुला आमच्याबरोबर जेवताना पाहून." हे तो प्रेमाने म्हणाला, त्यामुळे त्याला नाही म्हणणं आणखी कठीण झालं.

बाई आल्या, बसल्या. समोर छायाचित्रकार. त्यांनी किमचीचं एक पान उचललं, तोंडात घातलं, सावकाश चावलं. करकर आवाज सगळ्यांना ऐकू आला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"आई, कसं झालंय?" मुलाने विचारलं.

'छान' म्हटलं असतं तर संपलं असतं. मी मनात म्हणत होतो, म्हणा. पण बाईंनी बत्तीस वर्षांत एकही पेपर न वाचता तपासला नव्हता.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खारट आहे, आंबट आहे, तिखट आहे. एवढं कळतं. बाकीचं नाही कळत. मला वास येत नाही. दोन वर्षं झाली."

जीएमसाहेबांना हे कोरियन विनोदासारखं काही वाटलं असावं. ते अर्धवट हसले. मग कुणीच हसत नाही हे पाहून थांबले. मुलगा आईकडे बघत राहिला. मी ते सगळं इंग्रजीत साहेबाला सांगितलं. माझी वाक्यं तुटत होती.

साहेबाने ऐकून घेतलं. मग चमचा उचलला, भात घेतला, किमची घेतली आणि डोळे मिटून खाल्ली.

"एक्सलंट, नो सर? एक्सलंट," जीएमसाहेब म्हणाले.

साहेबाने चमचा खाली ठेवला. मग बाईंकडे वळून एक बोट वर केलं. म्हणाला, चांगली आहे, पण एक दिवस घाई झाली. उद्या काढायला हवी होती.

पाहुण्याने असं बोलायचं नसतं. बाईंनी मात्र पुढचं ताट बाजूला सारलं आणि गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणी काहीतरी उपयोगाचं सांगितल्यासारख्या त्याच्याकडे पाहू लागल्या.

"आवाज उतरला होता," त्या म्हणाल्या. "विचार त्याला, किती उतरायला हवा?"

पुढचा अर्धा तास ती दोघं बरणीबद्दल बोलली आणि मी मध्ये बसून भाषांतर केलं. आमचं सूप गारच प्यावं लागलं. छायाचित्रकाराने फोटो काढला तेव्हा दोघांचीही पाठ कॅमेऱ्याकडे होती.

मुलाशी जे झालं ते संध्याकाळी झालं, आणि सगळं माझ्यादेखत. त्याचा आवाज चढला तो रागाने नव्हे. गॅस राहिला असता उघडा तर? दोन वर्षं तू हे लपवलंस? बाईंनी एकही गोष्ट नाकारली नाही. त्याचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "तू इथे असतास तर लपवलं नसतं. आता सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे आता चौदा नाकं आहेत. पुण्यात किती आहेत?"

"आई, ही मस्करी नाही."

तेव्हा जिन्यात बसलेला बॉयलर आत आला. म्हणाला, "सायेब, गॅसचा वास घ्यायचा पगार मिळतो आमाला. उद्या कंपनीतनं सुटलो की अलारम बसवून देतो. वाजंल तो. गल्ली जमा व्हईल." मुलाने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. तो दोन दिवस राहिला, अलार्म स्वतःच्या हाताने तीनदा वाजवून पाहिला, आणि रिकामी सीट घेऊन परत गेला. पलंग त्याने अजून काढलेला नाही.

बाईंनी त्याच आठवड्यात भिंतीवर तक्ता लावला. वार आणि समोर नाक: सोमवार लॅब, मंगळवार स्टोअर, बुधवार बॉयलर, गुरुवार परचेस. ज्याचा वार त्याने जेवणाआधी अर्धा तास यायचं, प्रत्येक भांड्यावर वाकायचं आणि काय वास येतो ते सांगायचं. माझी पहिली पाळी आली तेव्हा मी आमटीवर वाकून म्हणालो, चांगला येतोय. बाईंनी दहापैकी दोन दिले. "चांगला म्हणजे? कच्चा? करपट? कालचा? एवढी पुस्तकं वाचतोस, एक वास सांगता येत नाही?" 'छान' आणि 'मस्त' हे शब्द मेसमध्ये बंद झाले. लॅबला पगार मिळतो तो नमुने तपासण्याचा, पण त्यालाही आमसूल आणि चिंच यांच्या वासातला फरक शब्दांत पकडायला महिना लागला. सगळ्यांत पुढे गेला बॉयलर. तो मसाल्यावर वाकून म्हणे, "पेटीतल्या कापडावानी वास मारतोय, अजून परता," आणि बाई परतत.

मी आता पेणला परत आलो आहे, पण महिन्यातून एकदा रोह्याला जातो. मेस चालू आहे, माणसं सोळा झाली आहेत. साहेब थंडीत एकदा फोन करतो आणि बाई फोन बरणीला लावून त्याला आवाज ऐकवतात.

गेल्या महिन्यात मी तिथे असताना एक नवा माणूस आला. वापीहून बदली झालेला, चाळिशीचा, शिफ्ट इनचार्ज. चेहऱ्यावरून दिसत होतं की हाताखाली माणसं असण्याची त्याला सवय आहे. त्याने मेसचे नियम विचारले. बाईंनी उत्तर दिलं नाही. मागीलदारची बरणी आणवली, झाकण काढलं आणि त्याच्यापुढे धरली.

"वास घे."

त्याने घेतला आणि मागे सरकला. आजूबाजूला पाहिलं. सगळे जेवत होते, कुणी वर पाहिलं नाही.

"बाई, हे सडलंय."

"सडलंय हे कुणीही सांगेल. किती सडलंय?"

तो पुन्हा वाकला, या वेळी डोळे मिटून.

"आज खायला हरकत नाही," तो म्हणाला. "उद्या मात्र भातात परतून घ्यावं लागेल."

बाईंनी त्याच्यासाठी ताट घेतलं.